ते पाकीट फोडू नकोस

पुणे

प्रिय वैदेही,

तुझं पत्र आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तू गरोदर, घोटभर पाणीही तुझ्या पोटात ठरत नाही, फोडणीच्या वासानं उमळून येतं, आणि तिकडे अमेरिकेत, डेन्व्हरला, तुझ्या जवळचं असं कुणी नाही. अशात दुकानातली मुलगी "गांजाच्या गमी (चघळायच्या गोळ्या) घ्या, नैसर्गिकच आहेत" म्हणाली आणि तू घेतल्यास, हे मी समजू शकते. पण ते पाकीट फोडू नकोस गं.

तिच्या शब्दावर विसंबू नकोस. तुमच्याच कोलोरॅडोत संशोधकांनी 400 दुकानांना फोन लावले होते: आठ आठवड्यांची गरोदर आहे, मळमळतंय, काय घेऊ? जवळपास 69 टक्के दुकानांनी गांजा सुचवला. 2018 साली हे छापून आलं. सुचवणाऱ्या बहुतेकांना आधार काय, तर स्वतःचं मत! मला तर संतापच आला.

गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, वारेतून बाळापर्यंत जातं. शिवाय ते चरबीत मुरतं, लवकर निघत नाही. जनुकांची अक्षरं त्यानं बदलत नाहीत, पण त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा बदलू शकतात, आणि कुठलं जनुक किती काम करेल ते या खुणांवर ठरतं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या यास्मिन हर्ड यांच्या गटानं 2011 साली दाखवलं, की गांजा घेतलेल्या आयांच्या गर्भांच्या मेंदूत डोपामाइन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाला पकडणाऱ्या एका ग्राहीचं जनुक मंदावलेलं होतं. उंदरांच्या पिलांत तर हा फरक ती मोठी झाल्यावरही टिकला.

तुला घाबरवायचं नाही. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत, त्यात गांजा घेणाऱ्या बऱ्याच जणी सिगारेटही ओढतात, म्हणून कशाचा वाटा किती ते सुटं करणं कठीण. खूण बदलली म्हणजे मूल आजारी, असंही नाही. पण बाळाचं वजन कमी भरणं, दिवस भरण्याआधी बाळंत होणं, याच्याशी संबंध पुष्कळ अभ्यासांत दिसलाय. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही गरोदरपणात गांजा नकोच म्हणते.

आणि उलट्यांवर औषध आहे ना! डॉक्सिलामाइन आणि बी-6 जीवनसत्त्वाची गोळी. माझ्या जावेला डॉक्टरांनी हीच दिली होती, रात्री झोपताना. चार दिवसांत ती मऊ भात खायला लागली. तिकडेही मिळते, डॉक्टरांना विचार. लघवी कमी होत असेल किंवा वजन उतरत असेल तर मात्र थांबू नकोस, सरळ दवाखाना गाठ, सलाईन लावावं लागेल.

आजच अपॉइंटमेंट घे आणि काय ठरलं ते कळव. माझ्याकडे मध्यरात्र असली तरी फोन कर.

तुझीच,
सुनीता