ल्यूसीचा चेहरा आजही इतका स्वच्छ का दिसतो?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत हॉलिवूडच्या जुन्या रेडिओ-टीव्ही कलावंतांवर लेख आला, याचा फार आनंद झाला. विनोदी अभिनेत्री ल्यूसिल बॉल, विनोदवीर जॅक बेनी, गायक बिंग क्रॉस्बी यांच्यावर मराठीत इतक्या मायेने क्वचितच लिहिले जाते. मात्र त्यातली दोन विधाने दुरुस्त करायला हवीत. 'आय लव्ह ल्यूसी' ही ल्यूसिल बॉल यांची विनोदी टीव्ही मालिका थेट प्रक्षेपित होत असे आणि तिच्यातले हशे यंत्रातून घातलेले होते, असे लेखात म्हटले आहे. मालिका फिल्मवर चित्रित होत असे आणि हशे समोर बसलेल्या प्रेक्षकांचे होते. ती आजही पाहण्याजोगी राहिली ती यामुळेच, म्हणून हे सविस्तर लिहितो.

१९५१ साली अमेरिकेतले बरेच मोठे विनोदी कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट जात. जिथे थेट चित्र पोचत नसे, तिथे किनेस्कोप पाठवत. टीव्हीच्या छोट्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि पडद्यावरचे चित्र टिपायचे, म्हणजे किनेस्कोप. यात मेळ बसवणे अवघड होते. अमेरिकन टीव्हीवर सेकंदाला ३० चित्रे, फिल्मवर २४. त्यासाठी कॅमेऱ्याचे शटर प्रत्येक चौकटीला सेकंदाचा तिसावा भाग उघडे ठेवत, आणि उरलेल्या १/१२० सेकंदात फिल्म पुढच्या चौकटीवर ओढून घेत. शटरच्या ३६० अंशांपैकी फक्त ७२ अंश बंद! वेळ किंचित चुकली की चित्राच्या मधोमध आडवा पट्टा उमटे. शिवाय पडद्याची वक्रता, कडांची अस्पष्टता, काळ्या-पांढऱ्यातला भडकपणा हे सगळे फिल्मवर उतरे. त्या काळातला एखादा कार्यक्रम पाहताना चेहरे पिठूळ दिसले आणि मध्ये फिकट पट्टा थरथरला, तर तो किनेस्कोप समजावा.

ल्यूसिल बॉल आणि त्यांचे पती व सहकलाकार डेसी अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचे नव्हते. प्रायोजक असलेल्या फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचे बहुतेक गिऱ्हाईक पूर्वेकडे, आणि त्यांना हॉलिवूडहून पाठवलेले धूसर किनेस्कोप दाखवणे कंपनीला मान्य नव्हते. तोड निघाली ती अशी की मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर घ्यायची, तीही प्रेक्षकांसमोर नाटकासारखी सलग. खर्च वाढला. या दोघांनी मानधन कमी करून घेतले आणि बदल्यात भागांची मालकी आपल्याकडे ठेवली. पहिला भाग १५ ऑक्टोबर १९५१ ला दाखवला गेला.

छायाचित्रणाची जबाबदारी कार्ल फ्रॉइंड यांच्याकडे होती. 'मेट्रोपोलिस' या गाजलेल्या जर्मन मूकपटाचे छायाचित्रण करणारा, 'द गुड अर्थ' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेला हा माणूस टीव्हीच्या घरगुती विनोदाकडे वळला. तीन मिचेल कॅमेरे एकाच वेळी चालत: मधला पूर्ण दृश्य घेई, बाजूचे दोन चेहरे आणि जवळची दृश्ये. सिनेमात प्रत्येक कोनासाठी दिवे नव्याने लावतात. इथे तीनही कोन एकदम घ्यायचे, तर दिवे हलवायला सवडच नाही. म्हणून बहुतेक दिवे वर टांगले आणि जमीन कॅमेऱ्यांच्या चाकांसाठी मोकळी ठेवली. प्रकाश सर्वत्र सारखा पडे, नट कुठेही उभा राहिला तरी चेहरा अंधारात जात नसे. दुसरा त्रास टीव्हीच्या नळीचा. ती काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवून दाखवी, पांढरा शर्ट डोळ्यांत खुपे. म्हणून भिंती आणि सामान राखाडीच्या वेगवेगळ्या छटांत रंगवत, आणि कपडेही त्याच हिशेबाने निवडत. संकलनासाठी तीन चित्रपडदे आणि एक ध्वनिपट्टी एकत्र चालवणारे मूव्हिओला यंत्र होते. प्रेक्षक सुमारे ३००. त्यांच्या डोक्यावर माइक टांगलेले असत. ऐकू येते ते त्या संध्याकाळचे हसू.

फिल्मचा खरा उपयोग पुढच्या वर्षी कळला. ल्यूसिल गरोदर होत्या, काम थांबवावे लागणार होते, तेव्हा जुने भाग त्याच स्पष्टतेने पुन्हा दाखवता आले. किनेस्कोपवर हे शोभले नसते. पुनर्प्रक्षेपणाचा व्यवसाय उभा राहण्यात या मालिकेचा वाटा मोठा आहे.

रेडिओकडे वळतो, कारण लेखात त्याला फारच कमी जागा मिळाली. एनबीसी आणि सीबीएस या प्रसारण-जाळ्यांचे (नेटवर्कचे) धोरण थेट प्रसारणाचे होते. त्यामुळे कलावंतांना तोच कार्यक्रम पूर्वेसाठी एकदा आणि काही तासांनी पश्चिमेसाठी पुन्हा सादर करावा लागे. बिंग क्रॉस्बी यांनी याला नकार दिला. ऑक्टोबर १९४६ पासून ते एबीसी या दुसऱ्या जाळ्यावर फिल्को या रेडिओ कंपनीचा कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित करून देऊ लागले. ध्वनिमुद्रण १६ इंची तबकड्यांवर होई. जुळवाजुळव करायची तर एका तबकडीवरून दुसरीवर उतरवायचे, आणि प्रत्येक उतरवणीला खरखर वाढायची. श्रोत्यांना ते जाणवले.

यातून सुटका केली ती जॅक मलिन या अभियंत्याने. युद्ध संपल्यावर जर्मनीत सापडलेली दोन मॅग्नेटोफोन (चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण करणारी) यंत्रे आणि फितीची ५० रिळे त्यांनी अमेरिकेला पाठवली होती. १९४७ च्या ऑक्टोबरपासून क्रॉस्बींचा कार्यक्रम फितीवर येऊ लागला. फीत कापायची, चिकटवायची, नको तेवढे काढायचे, हे पहिल्यांदाच सहज जमले. तरी जाळ्याचा फितीवर विश्वास बसेपर्यंत तयार कार्यक्रम तबकडीवर उतरवूनच लावत. क्रॉस्बींनी ५०,००० डॉलर घातले आणि १९४८ मध्ये अँपेक्स या अमेरिकन कंपनीचे २०० क्रमांकाचे फीत-यंत्र आले: पाव इंची फीत, वेग सेकंदाला ३० इंच. आपल्याकडच्या घरगुती स्पूल यंत्रांवर हाच वेग साडेसात किंवा पावणेचार इंच असे. यावरून त्या आवाजाच्या दर्जाची कल्पना यावी.

आता व्यवहाराचे. या कार्यक्रमांच्या प्रती आज सहज मिळतात, पण पुष्कळ प्रती चुकीच्या वेगाच्या असतात. जॅक बेनी यांचा सगळा विनोद थांबण्यात आहे, आणि तो थांबा चार टक्क्यांनी आखडला तरी रंग जातो. आधी लांबी पाहा. अर्ध्या तासाचा कार्यक्रम साधारण २९ मिनिटे ३० सेकंदांचा असे. प्रत पूर्ण असून २८ मिनिटांत संपत असेल, तर ती जलद धावते आहे. १९४८ अखेरपर्यंत बेनी एनबीसीवर होते. त्यांच्या प्रतीच्या शेवटी एनबीसीची ओळख असलेल्या तीन घंटा असतील तर उत्तमच, कारण त्यांचे स्वर ठरलेले आहेत: साधारण १९६, ३३० आणि २६२ हर्ट्झ.

घंटा नसतील तर ध्वनिमुद्रणात उतरलेली विजेच्या प्रवाहाची गुणगुण शोधा. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये शांत तुकडा निवडून वर्णपटाचा आलेख काढा. इथे हमखास चूक होते. त्या आलेखाच्या खिडकीत आकार (साइझ) २०४८ ठेवला तर दोन बिंदूंमध्ये २१ हर्ट्झचे अंतर पडते आणि काहीच कळत नाही. ६५५३६ निवडा. शिखर ५८ वर दिसले तर वेग सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढवा. बदलायचा तो वेग, नुसता ताल नव्हे. नाहीतर आवाजाची पट्टी चुकीचीच राहील. १६ इंची तबकडीच्या एका बाजूवर १५ मिनिटेच मावत, म्हणून दोन्ही अर्धे वेगवेगळे तपासा. दोन टर्नटेबलांचा वेग सारखा असेलच असे नाही. आपल्याकडे स्पूलवर उतरवलेल्या प्रतीत ५० हर्ट्झची आपली गुणगुणही मिसळलेली असू शकते. ती प्रमाण धरू नका.

कुणाकडे मूळ तबकडीच असेल तर कळकळीची विनंती, ती घरच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावू नका. १६ इंची तबकडी त्यावर बसत नाही, आणि एलपीची बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन घाण खरवडते. अॅल्युमिनियमवर काळा लेप दिलेली तबकडी असेल तर स्पिरिटने अजिबात पुसू नका, लेप विरघळतो. पृष्ठभागावर पांढरट मेणासारखा थर दिसतो ती बुरशी नसते. लेप मऊ ठेवायला घातलेल्या एरंडेलातून निघालेली ती आम्ले असतात. युद्धकाळात अॅल्युमिनियम मिळेना म्हणून काचेवर लेप देत. तशी तबकडी एका हाताने कडेला धरून उचलली तर तडकते. दोन्ही हातांनी उचला, उभी ठेवा आणि ध्वनिमुद्रण जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या. स्टिरिओ सुईवर नुसती खरखर आली तरी तबकडी टाकून देऊ नका. काही तबकड्यांवर खाच आडवी हलण्याऐवजी खालीवर कोरलेली असते. एका बाजूचा सिग्नल उलटा करून दोन्ही बाजू मिळवल्या की आवाज वर येतो.

ल्यूसी पाहणाऱ्यांसाठी शेवटची गोष्ट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचे प्रमाण ४:३ ठेवा. पडदा भरावा म्हणून चित्र ताणले तर चेहरे रुंद होतात, मोठे केले तर वरचा-खालचा भाग कापला जातो. ल्यूसिल बॉल यांचा अर्धा विनोद पायांत आहे. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. फ्रॉइंड यांनी सेकंदाला २४ चौकटी घेतल्या होत्या, तेवढ्याच दिसू द्या.

आपला,
एक वाचक, पुणे