लिलावातले घर: रंग शेवटी, पाणी आधी

मा. संपादक,

बँकेच्या लिलावातला फ्लॅट ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर मिळतो. सरफेसी या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याच्या नियमांनुसार, आधी भरलेली अनामत धरून, बोलीची २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. म्हणून ताबा प्रत्यक्ष आहे की केवळ सांकेतिक (कागदोपत्री), सोसायटीची आणि विजेची थकबाकी किती, हे बोलीआधीच लेखी विचारावे.

बंद घराचा खरा घात पाणी करते. नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीच्या जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा भाग, सुकला की दुर्गंधी आणि झुरळे येतात. तेवढ्यासाठी फरशी फोडू नका, ट्रॅप साफ करून बादलीभर पाणी ओतले की पुरते. बाथरूममध्ये मात्र निचरा बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवावे आणि खालच्या घराचे छत पाहावे. ओल उमटली तर फरशी काढून वॉटरप्रूफिंग करण्याला पर्याय नाही. जुन्या फरशीवर नवी चिकटवली तर गळती तशीच राहते, शिवाय फरशी उंच होऊन उंबरा बुडतो आणि पाणी खोलीत शिरते.

ओल्या भिंतीवर पुट्टी मारण्याची घाई तर हमखास अंगाशी येते: पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. आधी गळती थांबवावी, मग प्लास्टर पूर्ण वाळू द्यावे, रंग सर्वांत शेवटी.

वायरिंगमध्ये काटकसर नको. गिझरला ४ चौ. मिमी तांब्याची वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. घर भाड्याने द्यायचे असले तरी तिथे लहान मुलेही राहतात. ओट्याचा ग्रॅनाइट चांगला असेल तर ठेवा, फक्त बिजागऱ्या आणि दारे बदला.

– एक वाचक, डोंबिवली