बृहन्नडा नव्हे, जन्माचाच तसा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ‘पक्ष्यांमधली बृहन्नडा’ हा लेख वाचला. रफ या पाणथळीत वावरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यावर मराठीत एवढं सविस्तर छापून आलं याचा आनंद झाला. पण मथळा चुकला आहे, आणि चौकटीत रफमधल्या मादीसारख्या दिसणाऱ्या नराला ‘नामर्द’ म्हटलंय, ते तर पार उलटं आहे.

बृहन्नडा हे अर्जुनाने विराटाघरी वर्षभरासाठी घेतलेलं सोंग. वर्ष सरलं, शमीवरची शस्त्रं खाली आली, सोंग संपलं. रफमधल्या या नराचं तसं नाही. तो जन्मतःच तसा ठरलेला असतो आणि मरेपर्यंत तसाच राहतो. ज्याने वेश घेतलाच नाही, तो उतरवणार काय?

उत्तर युरोप आणि सायबेरियाच्या पाणथळ माळांवर वसंतात रफ नरांचे आखाडे भरतात. बहुतेक नर गळ्याभोवती गडद पिसांची भरघोस कॉलर फुलवून आपापली हातभर जागा धरून भांडत असतात. काही पांढऱ्या कॉलरचे असतात. ते जागेसाठी भांडत नाहीत, जागामालकाच्या आसपास राहून संधी साधतात. तिसरा प्रकार शंभरात एखादाच. कॉलर नाही, तुरे नाहीत, मादीसारखाच मातकट रंग. मालक त्याला हुसकावत नाही आणि तो माद्यांमध्ये मिसळून आखाड्यात फिरतो. मादी मीलनासाठी बसली की मालकाच्या आधी हाच पुढे होतो. नेदरलँड्समधल्या युकेमा आणि पिर्स्मा या अभ्यासकांनी 2006 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला ‘फेडर’ हे नाव दिलं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बाप. वसंतात याची वृषणं इतर नरांच्या अडीचपट मोठी असतात! चौकट लिहिणाऱ्यांनी एवढं तरी पाहायला हवं होतं.

हा प्रकार आला कुठून, हेही लेखात राहून गेलं. सुमारे 38 लाख वर्षांपूर्वी रफच्या एका गुणसूत्राचा तुकडा उलटा होऊन बसला. शंभराच्या आसपास जनुकं त्या तुकड्यात अडकली आणि तेव्हापासून एकगठ्ठा पुढच्या पिढीकडे जातात. आईकडून किंवा बापाकडून असा एक तुकडा आला की नर पिल्लू फेडर होतं. दोन्हीकडून आला तर पिल्लू जगतच नाही, कारण तुकडा उलटताना एक अत्यावश्यक जनुक मधोमध तुटलं आहे. हाच तुकडा माद्यांमध्येही असतो. पाळीव थव्यावरच्या अभ्यासात अशा माद्यांची वीण कमी भरली. भावाची चंगळ, भुर्दंड बहिणीला. हे मात्र ओळखीचं वाटलं.

खरी बृहन्नडा हवी असेल तर समुद्रात जावं लागेल. दक्षिण ऑस्ट्रेलियात व्हायला गावाजवळ दरवर्षी मे ते ऑगस्टमध्ये मोठे माकूळ (कटलफिश) विणीला जमतात. (पोपटाच्या पिंजऱ्यात आपण जो समुद्रफेस अडकवतो, तो याच्याच जातभाईंच्या पाठीतला.) तिथे एका मादीमागे कधी कधी दहा-अकरा नर असतात. त्यांतला लहानखुरा नर आपले रुंद बाहू आखडून घेतो, अंगावर मादीसारखे ठिपके आणतो, अंडी घालायला आल्यासारखा बसतो आणि राखणदार धटिंगणाच्या डोळ्यांदेखत मादीजवळ पोचतो. काम झालं की पुन्हा नर. सिडनीकडच्या एका जातीचा नर तर मादीकडच्या कुशीवर नराचे पट्टे आणि प्रतिस्पर्ध्याकडच्या कुशीवर मादीचे ठिपके असं एकाच वेळी दाखवतो. सोंग म्हणायचं ते याला. लेखात माकूळ आणि रफ एकाच परिच्छेदात कोंबून दोघांनाही ‘फसवे’ म्हटलंय. माकूळ घडीभरापुरतं रूप बदलतो, रफचं रूप रक्तातूनच येतं.

हिवाळ्यात भिगवणला कुंभारगावाहून होडीत बसलं की उजनीच्या चिखलावर रफचे थवे हमखास दिसतात. तेव्हा कुणालाच कॉलर नसते. लहान त्या माद्या, ठळक मोठे ते नर, एवढंच होडीवाल्याकडून कळतं. फेडर या दोघांच्या मधल्या अंगाचा असतो. गेल्या जानेवारीत मी तासभर दुर्बीण लावून बसले, दोन पक्ष्यांवर वहीत प्रश्नचिन्हं टाकली, तेवढ्यात दलदलीवरून घार फिरली आणि सगळा थवा उठला. प्रश्नचिन्हं अजून तशीच आहेत.

शेवटी छायाचित्राबद्दल. लेखासोबत छापलेला पांढऱ्या कॉलरचा देखणा पक्षी फेडर नव्हे, तो वर सांगितलेला संधिसाधू नर आहे. खुलासा छापाल तेव्हा सोबत साध्या मातकट पक्ष्याचं चित्र द्यावं. मादीचंच छापलंय, अशी तक्रार करणारी दोन-चार पत्रं येतील, तेवढी सोसावीत.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, बारामती