पिकूला कोणाकडे ठेवायचं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू सिक्कीमला जाशील तेव्हा पिकूला, म्हणजे तुझ्या कॉकाटीलला, त्या तुरेवाल्या छोट्या पोपटाला, कोणाकडे ठेवायचं, असं परवा फोनवर तू विचारलंस, तेव्हा मी ‘बघते, सुचलं की सांगते’ म्हणाले. सुचलं तेव्हाच होतं. पण त्याआधी तुला एक जुनी गोष्ट सांगायला हवी होती आणि ती फोनवर तोंडातून निघेना. म्हणून हे पत्र.

तू चौथीत असताना आपल्याकडे निळा लव्हबर्ड होता, आठवतो? गावात सगळे लव्हबर्डच म्हणायचे, खरा तो बजरीगर. मामाच्या लग्नाला आपण चार दिवस रत्नागिरीला गेलो आणि पिंजरा शेजारच्या वहिनींकडे ठेवला. परत आल्यावर तुला सांगितलं, की पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं आणि तो उडून गेला. तू पुढे कितीतरी दिवस गच्चीवर राळ्याची वाटी ठेवत होतीस. मनू, तो उडाला नव्हता. आपण आलो त्याच रात्री तो गेला. तू झोपेत असताना बाबांनी त्याला परसात पेरूखाली पुरलं.

वहिनींनी हयगय केली नव्हती. रोज सकाळी त्या वाटी बघायच्या आणि ती भरलेली दिसायची. पण ही पाखरं दाणा सोलून खातात आणि टरफल परत वाटीतच पडतं. वरून वाटी शिगोशीग, आत नुसता कोंडा. एवढ्याशा जिवाला उपास झेपत नाही. तिसऱ्या दिवशी तो अंग फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता, ते वहिनींना दिसलंही होतं. ‘लग्नघरी फोन करून कशाला विरस करायचा’ म्हणून त्या गप्प राहिल्या. आणि तुझा विरस नको म्हणून मी खोटं बोलले. वहिनींना कधी बोल लावू शकले नाही ते यामुळेच.

आता तू सांगितलेल्या तिघांबद्दल. चौथ्या मजल्यावरच्या मुलीला पाखरांचं वेड आहे, पण ती त्याला सारखी बाहेर काढणार. दिवाळीत दारं सताड उघडी, पाहुण्यांची ये-जा, डोक्यावर गरगरता पंखा. मला नाही धीर होत. पक्षी ठेवून घेणाऱ्या त्या जागेत एका खोलीत पंधरा पिंजरे आहेत म्हणालीस. नव्या पाखराला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवता का, असं तू विचारलंस आणि त्यांनी उत्तर टाळलं. एकाची सर्दी, एकाच्या पिसवा सगळ्यांना लागतात. ते नकोच. मी स्वतःच त्याला आणलं असतं गं, पण घरात मांजर आली आहे. दार बंद ठेवलं तरी ती बाहेर बसून राहील आणि पिकू आत घाबरून अर्धा होईल.

माझं मत दुसऱ्या मजल्यावरच्या नानांना. त्यांना पाखरांचं फारसं प्रेम नाही, हे तूच म्हणालीस. पण मे महिन्यात तुझ्या कुंड्या त्यांच्याकडे होत्या, तेव्हा तुळस वाळायला लागली तर दुसऱ्याच दिवशी फोटो पाठवून त्यांनी कळवलं होतं. नवी तुळस आणून त्या कुंडीत लावली असती, तर तुला कळलंही नसतं. मला असाच माणूस हवा आहे.

त्यांना तोंडी सांगू नकोस, मोठ्या अक्षरात लिहून दे. रोज वाटी हातात घेऊन फुंकर मारायची आणि टरफलं उडाल्यावर दाणा किती उरतो ते बघायचं. पाणी दोनदा बदलायचं. तुझा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा त्यांच्याकडे ठेव आणि रोज सकाळी खाण्याआधी पिकूला त्यावर उभं करायला शिकव. तुझा पिकू ९० ग्रॅमचा आहे. तो ८५ वर आला तर त्यांनी तुला फोन करायचा, ८१ झाला तर थेट डॉक्टर. पाखरं आजार लपवतात, कारण रानात अशक्त दिसणारं पाखरू आधी शिकार होतं. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, काटा मात्र आधी सांगतो. तळाच्या कागदावरची शीटही रोज बघायला सांग. खाणं कमी झालं की शीट कमी होते. आणि श्वासासरशी शेपूट वरखाली व्हायला लागली, तर संध्याकाळची वाट बघायची नाही.

फटाक्यांची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. कॉकाटील रात्री दचकतो आणि अंधारात पिंजऱ्यावर आपटून पंख मोडून घेतो. पिंजरा गॅलरीत नको, आतल्या खोलीत, पडदे ओढून, आणि रात्रभर मिणमिणता दिवा हवा. त्या खोलीत उदबत्ती, धूप, मच्छरची कॉईल काहीच लावायचं नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पाखरू तासाभरातही जातं, हे नानींना मुद्दाम सांग. त्या लोखंडी कढईत तळतात तेवढं बरं. चकलीचा तुकडा, चॉकलेट, चहात बुडवलेलं बिस्किट कुणी प्रेमानेही द्यायचं नाही.

तुमच्या दादरहून परळचं बैलघोडा हॉस्पिटल जवळ आहे. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला पाखरं तपासणारे डॉक्टर किती वाजता असतात, ते आत्ताच फोन करून विचार. नेहमीच्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांना पाखराचं कळेलच असं नाही. पाकिटात पैसे आणि ‘उपचाराला माझी संमती आहे’ अशी तुझ्या सहीची चिठ्ठी ठेव, म्हणजे सिक्कीममध्ये तुझा फोन लागला नाही तरी नाना अडून राहणार नाहीत.

आणि त्यांना समोर बसवून सांग, ‘काहीही झालं तरी मला त्याच दिवशी कळवा. सहल बिघडली तर बिघडू दे.’ हे तू तोंडाने म्हटल्याशिवाय ते फोन करायचे नाहीत. आमच्या पिढीची माणसं दुसऱ्याच्या आनंदात वाईट बातमी घालत नाहीत.

निघण्याच्या आठवडाभर आधी पिकूला एक रात्र त्यांच्याकडे ठेवून बघ. सकाळी वजन किती भरलं, ते मला कळव. आणि पेरूखालच्या त्या गोष्टीचा राग आला असेल, तर तोही कळव.

तुझी,
आई