नानांच्या फोनात काय दिसलं

सांगली, रविवार

प्रिय बाळ्या,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू स्पीकरवर टाकशील, वहिनी ऐकतील आणि तू गडगडाटी हसशील, म्हणून पत्र. माझी शुगर ठीक, गुडघा होता तसाच.

तर, नाना कॉपी करतायत.

हो, आपलेच नाना. चेंबर्सची डिक्शनरी मांडीखाली लपवलीस म्हणून ज्यांनी तुला अक्षरांच्या टाइल्स जुळवून इंग्रजी शब्द लावायच्या आपल्या स्क्रॅबलच्या भर डावातून उठवलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं "चोर!" म्हटलं, तेच. त्या दिवशी मी तुझी बाजू घेतली नाही हे तू अजून काढतोस. घेणारही नव्हतो. तू कोरी टाइल, ब्लँक, झेड म्हणून लावून त्याचे दहा गुण मागणारा माणूस! ब्लँकला शून्यच असतात रे, तेव्हाही होते.

हल्ली आम्ही स्क्रॅबल फोनवर खेळतो, रात्री जेवणं झाली की. परवा नानांनी सातही अक्षरं एकदम लावली, वर पन्नास गुण घेतले. शब्द काय, तर ई-टी-ए-ई-आर-आय-ओ. एटीरिओ. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना विचारलं, नाना, अर्थ? नियम त्यांचाच ना, अर्थ सांगता आला नाही तर टाइल्स उचला. तर म्हणाले, "असेल काहीतरी ग्रीक भांडंबिंडं." तू बॉटनीवाला, तुला काय सांगायचं? सीताफळासारखं! एकाच फुलातली बारकी फळं चिकटून झालेलं फळ. आणि भांडं म्हणताना त्यांच्या डोक्यावर त्यांच्याच झाडाची सीताफळं लोंबत होती.

मी गप्प बसलो. मग ते चहा टाकायला आत गेले आणि फोन ओट्यावर उघडाच राहिला.

शब्द शोधून देणारी ती साइट. वर एक चौकोन, त्यात आपली अक्षरं टाकायची, ब्लँक असेल तर प्रश्नचिन्ह. अमुक अक्षर हवंच असेल तर तेही सांगता येतं. खाली शब्दांची रास, सात अक्षरी आधी, मग सहा, मग पाच, प्रत्येकासमोर गुण. नाना लाल वहीत तेच करायचे की. शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं मांडायची आणि त्या मांडणीपुढे तिच्यातून निघणारे सगळे शब्द. ए-ई-आय-एन-आर-एस-टी हे पान तुलाही आठवत असेल : रिटेन्स, नॅस्टिअर, स्टेनर, रेटिनाज. यंत्राची युक्ती त्याहून फार वेगळी नाही. फरक एवढाच की वही त्यांनी बँकेतून आल्यावर कंदिलाच्या उजेडात भरली होती आणि तिच्यातला शब्दन् शब्द त्यांना अर्थासकट येत होता. तो न्यूझीलंडचा नाइजल रिचर्ड्स 2015मध्ये फ्रेंच येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा नाना दोन दिवस धुसफुसत होते. "हे शब्द नव्हेत, नुसते आकडे पाठ केलेत!" 2024मध्ये त्यानं स्पॅनिशमध्येही तेच केलं, ते मी त्यांना सांगितलेलंच नाही. तूही सांगू नकोस.

पण कॉपीचं मला काही नाही. चौकोनात त्यांनी जी अक्षरं टाकली होती ती वाच : ए, एफ, आय, एन, क्यू, आर, प्रश्नचिन्ह.

फकीर, बाळ्या. एफ-ए-क्यू-आय-आर! यू नसताना क्यू कसा खपवायचा, त्या पानावरचा पहिला शब्द. फकीर, तलाक, किबला, निकाब... पाढे म्हणावेत तसे म्हणून घ्यायचे आपल्याकडून. तो शब्द त्यांना मशीनला विचारावा लागला.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कधी वाटतं, आळस असेल. नातवानं साइट दाखवली, म्हाताऱ्याला चटक लागली, बास. लाइटबिलावरून ऑफिसात पैशापैशाचा हिशेब काढून भांडून आले परवा, असा माणूस विसरेल कसा? मग आठवतं, मंडईत पडवळाकडे बोट दाखवून "ते, ते लांबडं" म्हणाले होते आणि मी हसलो होतो. ताईला कळवू का? ती दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येईल, त्यांना पुण्याला नेईल आणि घराला कुलूप लागेल. नाही कळवलं आणि उद्या काही झालं तर ती मला उभं करणार नाही. डॉक्टरांकडे चला म्हणावं, तर कारण काय सांगू? नाना, तुम्ही कॉपी करताय म्हणून?

म्हणून तुला गळ घालतोय. दिवाळीत दोन दिवस आधीच ये. जुना बोर्ड माझ्याकडे आहे, एक एन हरवलाय, पण चालेल. फोन लांब ठेवायला लावू आणि समोरासमोर खेळू. तुझ्यासमोर ते हरायला तयार नसतात, त्यामुळे जे आहे ते दिसेल. मग ताईचं ठरवू. तोवर त्यांना फोन कर, पण खेळाचा विषय काढू नकोस. सीताफळाचा तर अजिबात नको, तुला हसू आवरत नाही.

चिन्मयीला ॲडमिशन मिळाली ना? अभिनंदन सांग. तुझ्या बदलीचं काय झालं तेही कळव.

तिकीट काढलंस की गाडीचा नंबर पाठव, मिरजेला घ्यायला येतो.

तुझा,
सुध्या