गवा ट्रॅकवर नव्हता, आंबा घाटात होता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ट्रॅक-डे (शर्यतीच्या बंद ट्रॅकवर हौशी मंडळींनी आपापली गाडी चालवण्याचा दिवस) आणि मोटारविमा या विषयावरील आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. ‘हौशी मंडळींनी पॉलिसी नीट वाचली, तर पुढची कटकट टळेल,’ असा सल्ला लेखकांनी शेवटी दिला आहे. सल्ल्याबद्दल आभार. मी पॉलिसी वाचली होती, ट्रॅकवर गाडी नेण्याआधीच वाचली होती, आणि तरीही माझी कटकट टळलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेलो होतो. दिवसभर गाडी चालवली, ब्रेकचे पॅड झिजवले, टायरच्या कडा खाल्ल्या आणि संध्याकाळी गाडीवर एक ओरखडाही नसताना फाटकाबाहेर पडलो. बेंगळुरू, हुबळी, कोल्हापूर असा प्रवास करून रत्नागिरीकडे परतताना, भल्या पहाटे आंबा घाट उतरत असता एका वळणावर गवा आडवा आला. या घाटात गवे रस्त्यावर येतात, हे मलकापूरपासून साखरप्यापर्यंत कोणीही सांगेल. त्याला चुकवताना गाडी कठड्यावर गेली. बंपर, रेडिएटर आणि पुढच्या एका चाकाचे सस्पेन्शन कामातून गेले. गवा सुखरूप रानात गेला. माझा वेग किती होता, असा प्रश्न कोणाला पडला असेल, तर मागून उतरणारी एसटी माझ्यापाशी पोहोचायला फारसा वेळ लागला नाही, एवढे सांगतो. पंचनाम्यात गव्याची नोंद आहे आणि एसटीच्या चालकाचा जबाबही आहे.

गाडी गॅरेजमध्ये आणल्यावर नुकसानीची पाहणी करायला विमा कंपनीचे सर्व्हेयर आले. मोडलेल्या रेडिएटरचे त्यांनी दोन-चार फोटो काढले आणि दारावर राहिलेल्या ट्रॅकच्या नंबर-स्टिकरचे मात्र उभे, आडवे, जवळून आणि लांबून असे सर्व प्रकारचे फोटो काढले. मग खाली बसून टायरच्या कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, ‘रेस करता काय?’ ट्रॅकवर गाडी चालवतो, रेस करत नाही, असे मी सांगितल्यावर ‘एकच ते’ एवढे बोलून त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. ते काय लिहिले, हे मला क्लेम नाकारल्याच्या पत्रातून समजले: वाहन संघटित शर्यत व वेगचाचणीसाठी वापरल्यामुळे पॉलिसीतील वापराच्या मर्यादेचा भंग झाला आहे. गव्याचा त्या पत्रात उल्लेखच नाही. स्टिकर वेळेवर काढला असता तर बरे झाले असते, असे आता जो तो मला सांगतो. माझ्या गाडीच्या दारावर मी काय चिकटवावे, याचा हप्ता मी कोणाला भरत नाही.

ट्रॅकवर गाडी मोडली असती, तर तो खर्च माझा होता आणि त्याबद्दल मी चकार शब्द काढला नसता. खासगी गाडीच्या पॉलिसीतून भाड्याने वापर, मालवाहतूक, संघटित शर्यत, पेस-मेकिंग (शर्यतीत इतरांसाठी वेग ठरवून देणे), वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) इत्यादी वापर वगळलेले असतात, हे मला ठाऊक आहे. ट्रॅक-डेला विजेता नसतो, पुढे जायचे ते समोरच्याने हात दाखवल्यावर आणि ठरवून दिलेल्या सरळ भागातच, पहिल्यांदा येणाऱ्याशेजारी बहुधा शिकवणारा बसतो. तरीही त्याला शर्यत म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. माझे म्हणणे एवढेच आहे की ही वगळणूक ट्रॅकच्या फाटकापाशी संपली पाहिजे. गाडीचा वापर अपघाताच्या क्षणी कशासाठी चालला होता, हे पाहायचे असते. आदल्या दिवशी ती कुठे होती, हे नव्हे. लग्नाच्या वऱ्हाडासाठी एकदा भाड्याने गेलेली गाडी पुढे जन्मभर टॅक्सी ठरत नाही.

सर्व्हेयरांचा तर्क खरा मानला, तर तो माझ्या बंपरपाशी थांबणारा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे अपघातात सापडलेल्या त्रयस्थाच्या, भरपाईतून अंग काढून घेण्यासाठी विमा कंपनीला जे बचाव दिले आहेत, त्यांत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांचाही समावेश आहे. म्हणजे त्या पहाटे गव्याऐवजी दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला एखादा दुचाकीस्वार माझ्या गाडीखाली आला असता, तर त्याच्या बायकामुलांनाही दारावरचा स्टिकर दाखवण्यात आला असता काय? आपल्या लेखकांनी या बाजूचा विचार केलेला दिसत नाही. उलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा ओलांडून १४० ने जाणाऱ्याचा, किंवा कर्द्याच्या पुळणीवर लाटांत गाडी घालून फोटो काढणाऱ्याचा वेग त्याच्या पॉलिसीला सहसा आड येत नाही. हेल्मेट घालून, बंद ट्रॅकवर, रुग्णवाहिका उभी असताना जो वेगाची हौस भागवून येतो, तो मात्र संशयित.

लेखात म्हटल्याप्रमाणे ‘वेगळे संरक्षण घ्यावे’, तर ते कुठे मिळते तेही सांगायला हवे होते. ब्रिटनमध्ये एकेका दिवसापुरती ट्रॅक-डे पॉलिसी विकली जाते. गाडीची किंमत आधी ठरवतात, नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा मालकाने सोसायचा आणि उरलेला कंपनीने. आपल्याकडे २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटारविम्याच्या दर-नियमावलीत, रॅली आणि रिलायबिलिटी ट्रायलसाठी जादा हप्ता घेऊन संरक्षण वाढवण्याची तरतूद होती, म्हणजे कल्पना नवी नाही. मी रत्नागिरी आणि कोल्हापुरातल्या एजंटांना विचारले. एकाने हसून चहा मागवला. बाकीच्यांनी चहाही मागवला नाही.

संशयावर क्लेम नाकारण्याची ही रीत आमच्या घराला नवीन नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात माझ्या मेहुण्यांची गाडी दाराशी उभी असताना छतापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यांनी किल्लीला हातसुद्धा लावला नाही, गाडी ओढूनच गॅरेजला नेली. तरी इंजिनात पाणी असताना ते सुरू करण्याचा प्रयत्न केला गेला, असा शेरा मारून दुसऱ्या एका कंपनीने इंजिनाचा खर्च वगळला. गाळ उपसून थकलेल्या माणसाने भांडायचे तरी कोणाशी? त्यांनी नाद सोडला. मी सोडणार नाही. कंपनीच्या तक्रार कक्षाला द्यावा लागणारा महिना दिला आहे, उत्तर आलेले नाही, आणि आता विमा लोकपालांकडे अर्ज जात आहे.

आपल्या लेखकांना एकच विनंती आहे. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे आणि तिथून आंबा घाट जवळजवळ हजार किलोमीटर. या अंतरात माझी शर्यत नेमकी कुठे संपली, हे त्यांनी पुढच्या रविवारी लिहावे. अर्जाला कात्रण जोडता येईल. आणि हे पत्र छापताना जागेअभावी कापाकापी करावी लागलीच, तर ब्रिटनचा मजकूर कापावा, सर्व्हेयरांचा नको.

आपला,
एक वाचक, खेडशी, रत्नागिरी