सुट्टे नाहीत

कोल्हापूर,
१३ नोव्हेंबर

प्रिय दिल्या,

दिवाळीत तुझा फोन उचलला नाही, त्यावर शिव्या घालून झाल्या असतील. राहिल्या असतील तर त्याही घाल. तब्येत बरी, साखर जरा वर, गुडघा आहे तसाच. मुद्द्याचं सांगतो. हिला सांगितलं तर म्हणते, "एवढं काय त्यात?" आणि आईचा डबा तुझ्याशिवाय आता आठवतोय कुणाला?

९ तारखेला सोनं घ्यायला गुजरीत निघालो होतो. पोरीचं फेब्रुवारीत ठरलंय. पिशवीत दीड लाख. आकडा ऐकून दडपू नकोस मर्दा, तोळा लाखाच्या वर गेलाय, दीड लाखात दोन बांगड्यांची एक होते. अंबाबाईच्या किरणोत्सवाचा पहिला दिवस होता. महाद्वारात गर्दी दिसली, म्हटलं पाया पडून जाऊ. पिशवी पोटाशी धरून रांगेत उभा राहिलो. तेवढ्यात एका म्हातारीनं बाही ओढली. हिरवं लुगडं, कडेवर शेंबडा नातू. "दादा, पोराला वडा घिऊन द्या की."

वडा, दिल्या! आणि माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, "सुट्टे नाहीत."

शर्टाच्या खिशात वीसची नोट होती. म्हातारीनं माझ्याकडं नाही, पिशवीकडं बघितलं. "असू दे लेका, आई दील तुला सुट्टं." टोमणा असता तर सोसला असता रे. पण ती मनापासनं म्हणाली. पावणेसहाच्या सुमारास किरणं देवीच्या पायांशी पोचली, सगळ्यांनी उदो उदो केला, आणि मी पिशवीची चेन चाचपत होतो.

२०१९ चा पूर आठव. धोका पातळी ४३ फूट आणि पंचगंगा ५५ च्या वर. हायवे बंद, तू कराडला अडकलेला, आणि फोनवर मला विचारतोस, "दुकानाचा विमा आहे का?" (नव्हता. अजून नाही. गप बस.) खाली साखरेची पोती विरघळून नुसता चिखल, गुळाच्या ढेपांचा पत्ता नाही. वर आईनं मुठीचा डबा पुढं ओढला. रोज भात टाकायच्या आधी एक मूठ त्यात, शुक्रवारी दारात येईल त्याच्या पदरात. तू कॉलेजात असताना त्याला 'पुण्याची भिशी' म्हणालास आणि तिनं तुला पिठलं वाढलं नाही, ते अजून काढतोस. तर त्या भिशीवर आम्ही आणि खालच्या बिऱ्हाडाची सहा माणसं दोन दिवस जेवलो. मी म्हटलं, "आई, जरा पुरवून घाल." म्हणाली, "आपलं हाय व्हय ते, पुरवायला?"

पाणी उतरल्यावर तिनं डबा धुतला, उन्हात ठेवला, दुसऱ्या दिवशी मूठ चालू. दुकान कसं उभं राहणार विचारलं, तर बोट अंबाबाईच्या फोटोकडं. मी मात्र मनाशी धरलं, सोनं भिजत नाही. तेव्हापासनं एक गुरुपुष्य चुकवला नाही. उदबत्ती रोज लावतो, पण रात्री दचकून उठलो की पहिली आठवण लॉकरच्या किल्लीची. आणि तू, देव न मानणारा, पुरात अख्खा पगार पाठवलास. परत केला नाही ते माहीत आहे. तू मागितला नाहीस हा तुझा दोष.

१० ला, ११ ला गल्ल्यातल्या नोटा घेऊन त्या म्हातारीला शोधत फिरलो. नारळवाला म्हणाला, "हिरव्या लुगड्याच्या शंभर येत्यात, मालक." पाच वडे घेऊन दिसतील त्या पोरांना वाटले. एकानं चटणी मागितली. माझं मन काही निवलं नाही. बांगड्या अजून घेतलेल्या नाहीत, त्यावरनं घरात अबोला आहे.

काल माळ्यावर डबा सापडला. हिनं त्यात खिळे ठेवले होते. धुतला. तळाशी पुराच्या वेळचा तांबडा गंज तसाच आहे. आज सकाळी पोत्यात हात घातला, मूठ भरली, डब्यापर्यंत नेली, आणि वाटेतच बोटं सैल झाली. निम्मे तांदूळ परत पोत्यात. मी ठरवून नाही केलं रे, आपोआप झालं. पंचवीस वर्षं तागडी धरलेला हात.

वहिनींचं ऑपरेशन झालं का? पोरगं बारावीला ना यंदा? लिही. लग्नाला चार दिवस आधी ये, पिठलं मी वाढतो.

तुझा,
बंड्या